चपलेच्या कानाचं वायसर

पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, त्याच्या आदल्या दिवशीच इमारतीतली सगळी बिऱ्हाडं निघून गेली होती. मी राहिले. गडहिंग्लजला भावाकडं जाता आलं असतं. पण नवरा गेल्यापासून मी तिथं गेले की वहिनी माझं ताट सगळ्यांच्या आधी वाढते, पोरं हळू आवाजात बोलतात, आणि मला आपण आजारी असल्यासारखं वाटायला लागतं. त्यापेक्षा दुसऱ्या मजल्यावरचं आपलं घर बरं. पाणी काही इथवर चढणार नाही, असं मी भावाला फोनवर सांगितलं. थोड्या वेळानं फोनची बॅटरी संपली. वीज आधीच गेली होती.

पाणी खालच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत येऊन थांबलं. चहाच्या रंगाचं, वास मारणारं. त्यातनं प्लास्टिकच्या खुर्च्या, कुंड्या, कुणाचं तरी दार असं काहीबाही सावकाश जात होतं. गल्लीत एरवी केवढा आवाज असतो ते मला तेव्हा कळलं. भाजीवाला नाही, रिक्षा नाही, जिन्यात कुणाच्या पायांचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी गॅसही संपला. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. बिस्किटं होती, चुरमुरे होते. एकट्या माणसाला भूक लागते तीही सवयीनं, आणि सवय मोडायला फार वेळ लागत नाही.

समोरच्या घराच्या वरच्या गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. खालच्या मजल्यावर राहणारे, पूर्वी ट्रक चालवायचे एवढंच मला माहीत होतं. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. घरात पाणी शिरल्यावर ते बायकोला घेऊन घरमालकाच्या रिकाम्या खोलीत वर आले होते.

"बाई, गॅस चालू हाय काय तुमचा?"

"कालच संपला, चाचा."

"बरं. ऱ्हाऊ द्या मग."

ते आत जायला वळले. मी विचारलं, "काय हवं होतं?"

"हिला ताप हाय. खुब्याचं ऑपरेशन झालंय, उठता येत न्हाय, म्हणून तर अडकलोय हितं. गरम पाणी मिळालं असतं तर गोळी दिली असती. गार पाणी घशाखाली उतरंना तिच्या."

मी आत येऊन ओट्यापाशी नुसती उभी राहिले. मग माळ्यावरचा पत्र्याचा डबा आठवला.

नवऱ्याला डोंगर चढायचं वेड होतं. पन्हाळा ते विशाळगड तो कितीदा चालला असेल. त्याचा एक छोटा पितळी स्टो होता, पंपाचा, दुमडत्या पायांचा, लाडवाच्या डब्यात मावणारा. पावसात, वाऱ्यात त्यावर चहा कसा झाला हे तो परत आल्यावर सांगायचा. मी कधी बरोबर गेले नाही. मला चढ सोसायचा नाही, आणि त्यालाही डोंगरात एकटंच आवडायचं. स्टो साफ करायला तो गॅलरीत बसायचा तेव्हा मी आतून बघायचे, तेवढीच माझी त्या वस्तूशी ओळख.

डबा उघडला तर रॉकेलचा वास आला. स्टो काळपट पडला होता. रेशनवर रॉकेल मिळायचं बंद झालं तेव्हा त्यानं एक बाटली जपून ठेवली होती, तीही शेजारीच निघाली. मी टाकी भरली, झाकण आवळलं आणि पंप मारला. दांडा सरळ आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. दाब नाहीच.

पंप उघडून दांडा बाहेर काढला. टोकाला चामड्याचं वायसर होतं, वाळून खडखडीत झालेलं. ते खोबरेल तेलात भिजत घातलं. तासाभरानं बोटानं दाबून पाहिलं तर कडेला चिरलं आणि तुकडा हातात आला.

घरात पातळ चामडं कुठं असणार? माझी पर्स रेक्झिनची. कमरेचे पट्टे मी देऊन टाकले होते. राहिली होती ती दाराजवळच्या रॅकमधली त्याची कोल्हापुरी चप्पल. दोन वर्षं मी त्या कप्प्यातली धूळ पुसत होते, पण चप्पल उचलून पुन्हा तिथंच ठेवत होते. तळ जाडजूड. बाजूचे कान मात्र पातळ, आणि त्याच्या पायानं मऊ झालेले. मी स्वयंपाकघरातली कात्री आणली. फार विचार केला नाही. केला असता तर कापलं नसतं.

रुपयाच्या नाण्याभोवती पेन फिरवून गोल कापला, मध्ये भोक पाडलं, तेलात मुरवला आणि अंगठ्यानं दाबत दाबत त्याला वाटीचा आकार दिला. दांड्यावर बसवून पंप मारला. हाताला दाब लागला. एवढ्याशा गोष्टीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण बर्नर पेटेना. वरच्या बारीक भोकातून काहीच बाहेर येत नव्हतं. डब्यात पत्र्याच्या मुठीची पिन होती. ती भोकात घालून हलवली तेव्हा काजळीचा कण निघाला आणि रॉकेलची धार थेट माझ्या चष्म्यावर. चष्मा पुसून काडी लावली, तर पिवळा जाळ उसळला आणि छताला काळा डाग पडला. घाबरून हवा सोडली.

"काय जळालं काय?" समोरून चाचांनी विचारलं.

"स्टो भडकतोय."

"बर्नर गार आसंल. तापवला न्हाय काय आधी?"

नवरा बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट जाळायचा, ते तेव्हा आठवलं. स्पिरिट नव्हतं. कोरोनातली सॅनिटायझरची बाटली मात्र अजून न्हाणीघराच्या कोनाड्यात होती. स्टो गार होऊ दिला, सांडलेलं पुसून घेतलं आणि वाटी सॅनिटायझरनं भरून पेटवली. ती विझत आल्यावर दुसऱ्यांदा भरली. मग हवेची चावी बंद करून बेतानं पंप मारला. निळी ज्योत बर्नरवर गोल बसली आणि घरभर तो घोंघावणारा आवाज भरला.

"पेटला की," चाचा म्हणाले. "ठेवा आदण."

गल्ली अरुंद. त्यांनी दगड बांधून दोरी फेकली, ती आम्ही दोघांनी दोन्ही गॅलऱ्यांच्या गजांतून फिरवली आणि त्यांनी किटली त्या दोरीवरून पलीकडं ओढून घेतली. पाणी उतरेपर्यंत तसंच चाललं. सकाळी चहा, दुपारी तांदळाची पेज. बायको मला कधी दिसली नाही. दाराच्या फटीतून कप घेणारा हात तेवढा दिसायचा, हिरव्या बांगड्यांचा. एकदा आतून बारीक आवाज आला, "पेजंत मीठ बरोबर हाय, म्हणावं." चाचांनी ते मला मोठ्यानं सांगितलं. बऱ्याच दिवसांत माझ्या स्वयंपाकाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

मग बोट आली. चाचांच्या बायकोला चादरीत गुंडाळून खुर्चीसकट उतरवलं. चाचांनी खालून हात केला. "येतो बाई. बरं वाटलं." बोटवाल्यांनी मलाही विचारलं. मी नको म्हटलं.

पाणी ओसरलं, चिखल निघाला, बिऱ्हाडं परतली. गॅसची टाकी आली. शेजारणी विचारायच्या, एकटीला भीती नाही का वाटली? मी नाही म्हणायचे. चाचांच्या खोलीत मात्र घरमालकानं रंग देऊन दुसरं बिऱ्हाड आणलं. चाचा मुलाकडं इचलकरंजीला गेले, असं कळलं.

दिवाळीनंतर दूधवाल्यानं पिशवी देता देता सांगितलं, "समोरची चाची गेली की हो. म्हैना झाला."

मी त्याला पत्ता विचारला. त्याला माहीत नव्हता. घरमालकाकडं गेले, त्यांच्याकडं जुना नंबर होता, तो लागला नाही. इचलकरंजीच्या एसटीत बसून जावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण तिथं उतरून कुणाचं नाव विचारणार? इतके दिवस समोरासमोर चहा प्यालो, पण त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी माझं.