बीने सुरू, डीने शेवट

माझ्या आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माझे इंग्रजीचे शब्द तेच तपासायचे. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

आबा मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या फळबाजारात माथाडी. तिथं प्रत्येक पेटीवर मालकाचा मार्क असायचा, काळ्या शाईत काढलेली तीन-चार इंग्रजी अक्षरं. मार्क ओळखण्यात चूक झाली की पेटी भलत्याच गाळ्यावर जायची. त्यामुळे आबांना एबीसीडी म्हणता येत नसली, तरी एकूण एक अक्षर तोंडवळ्यानं ओळखीचं होतं. बी म्हणजे दोन पोटांचं, डी म्हणजे एका पोटाचं.

फळं गुंडाळायला बाजारात रद्दीचे गठ्ठे यायचे, मुंबईहून, टेम्पोनं. त्यातल्या एका इंग्रजी पेपरात दर आठवड्याला शब्दांचं कोडं असायचं. पहिलं अक्षर दिलेलं, शेवटचं दिलेलं, मधल्या तीन जागा रिकाम्या. असे पाच अक्षरी शब्द जमतील तेवढे लिहायचे, त्यासाठी खाली वीस ओळी. मी तेव्हा सातवीत, मराठी शाळेत, आणि इंग्रजी माझ्या मानगुटीवर बसलेलं. ते पान दिसलं की आबा घडी करून खिशात घालायचे. दुपारी जुईनगरच्या आमच्या एका खोलीत जेवणं उरकली की मी शब्द लिहायचे आणि आबा एकेका अक्षरावर अंगठा ठेवत मोजायचे.

"पाच हायती. म्होरलं बराबर, मागलं बराबर. पास."

एकदा बी आणि डीच्या मध्ये मी 'बोलाड' असा मनाचाच शब्द ठोकून दिला. तोही पास झाला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बापाला फशिवतीस व्हय गं?" आणि तोंडाला पदर लावून हसली.

काही पानं आधीच कुणीतरी सोडवलेली असायची. बारीक शिसपेन्सिल, तिरपं, जुन्या वळणाचं अक्षर, डीची काठी उंच वर गेलेली. विसाच्या वीस ओळी भरलेल्या, आणि एकेक शब्द असा की मला शब्दकोश काढावा लागे. माणूस कोण, बाई की पुरुष, काही कळायला मार्ग नव्हता. मी मनाशी एक म्हातारे गृहस्थ ठरवून टाकले. पानांवरच्या तारखा बघून मी ती ओळीनं लावून ठेवायचे. तेव्हा दिसलं, की वीसचे सतरा होतायत, सतराचे अकरा. मग एका यादीत एकच शब्द दोनदा आला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? एवढा हुशार माणूस चुकतो म्हणजे काय!

मग ते पान आलं. पुन्हा बीने सुरू, डीने शेवट. बोर्ड, ब्लड, ब्लाइंड, बिअर्ड, कितीतरी सोपे शब्द बसत होते. पण विसाही ओळींवर एकच शब्द होता. ब्रेड. खाली खाली अक्षर मोठं होत गेलेलं, आणि शेवटच्या ओळीत पेन्सिल कागदातून आरपार गेली होती.

आबा पान उलटसुलट करून बघत राहिले. "एकाच मार्काच्या ईस पेट्या. येवढा माल कुनाचा?"

"माल कसला आबा? वेडा आहे कुणीतरी," मी म्हटलं, आणि लाल पेन घेऊन पानावर भलं मोठं शून्य काढलं. खाली दोन रेघाही ओढल्या, शाळेतल्या बाई ओढायच्या तशा.

आबांनी पान माझ्या हातातून काढून घेतलं. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही नाही. एवढंच म्हणाले, "येडं न्हाई त्ये. त्येला दुसरं घावत नसंल. धा डाव हुडकून बगितलंय बग त्यानं."

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. भरदुपारी, आई शेजारी तांदूळ निवडत असताना, मला खोलीत पेन्सिलीची खरखर ऐकू यायची. पावाच्या पुड्यावर तो शब्द दिसला की घास फिरायचा. चार दिवसांनी मी एका कोऱ्या कागदावर बी-डीचे वीस शब्द सुवाच्य अक्षरात लिहिले, खाली 'सॉरी' लिहिलं, आणि आबांना म्हटलं, हे त्या म्हाताऱ्यांना पोचवा. गठ्ठा मुंबईहून येतो तर तिकडं जाणाऱ्या पेटीतून परतही जाईल, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दुपारी आबा म्हणाले, "घातला पेटीत, तळाला. वर त्येचा मार्कपन काढलाय, पान बगून. पाच अक्षरं."

मला ते पटलं. मार्क असला की पेटी पोचते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या पेन्सिलीचं एकही पान नंतर आलं नाही. मी ठरवलं, कागद पोचायच्या आधी माझं शून्य कसंतरी पोचलं आणि ते म्हातारे गेले. हे मी कुणाला सांगितलं नाही. दहावीला इंग्रजीत चांगले मार्क पडले तेव्हासुद्धा आधी ते शून्यच आठवलं.

आता आबा खारघरला माझ्याकडे असतात. आपण जेवलो की नाही हे तासाभरात तीनदा विचारतात. मागच्या महिन्यात एका दुपारी मी वहीत वीस ओळी आखल्या, पुढं बी, मागं डी, आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आज तुम्ही लिहा, मी तपासते. ओट्यावरचं आवरून आले तर पान भरलेलं. विसाही ओळींवर ब्रेड. डीची काठी उंच वर गेलेली.

"आबा, हा कुणाचा मार्क?"

"त्या म्हाताऱ्याचा. पेटी गाळ्यामागं तशीच पडलीया. असला मार्क बाजारात कुनाचाच न्हाई, कोन उचलंल?" मग आवाज खाली करून म्हणाले, "पोरीला सांगू नगंस. तिला वाटतंय पोचली."

पोरगी समोरच बसली होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. आबा माझ्याकडं, कुणाची कोण बाई रडतेय अशा नजरेनं बघत राहिले.

"पोचली आबा," मी म्हटलं. "आजच येऊन घेऊन गेले ते."

"खरं?"

"खरं."

त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. मी पहिल्या ओळीवर अंगठा ठेवला आणि मोजायला लागले. पाच आहेत. पुढचं बरोबर, मागचं बरोबर. पास. मग दुसरी ओळ. आबा प्रत्येक ओळीला मान हलवत होते, आणि मी विसाव्या ओळीपर्यंत एकही सोडली नाही.