माळेतले तीन सेल

बीकनमधले तीन सेल काढून मी संक्रांतीच्या दिव्यांच्या माळेत घातले आणि सकाळी परत घालायला विसरलो. बीकन म्हणजे छातीवर बांधायचं यंत्र... बर्फाखाली गाडलं गेलात तर सिग्नल देणारं, आणि दुसरा गाडला गेला तर त्याचा सिग्नल शोधणारं.

मी ब्रिस्टलला विमानाच्या पंखांचं डिझाइन करतो. आकड्यांत न बसणाऱ्या गोष्टींना आजवर फक्त हसत आलोय. असो.

जानेवारी, स्कॉटलंडमधले केर्नगॉर्म्स. सोबत केतकी – नागपूरची कॉलेजमैत्रीण, आता साउथहॅम्प्टनला भूलतज्ज्ञ. दोन दिवस नैऋत्येचा वारा सुटलेला, सगळा बर्फ ईशान्येच्या उतारावर साचलेला. फोरकास्टमध्ये त्याच उताराचा धोका लिहिला होता. निघताना कार पार्कमध्ये एकमेकांची बीकन्स तपासायची असतात.

"चालू आहे ना रे?"

मी तिच्या हातावर तिळाची वडी ठेवली. "अगं हो! आधी तोंड गोड कर."

तपासणी तिथेच संपली.

ईशान्येच्या उतारावरून शॉर्टकट अर्थातच माझा. केतकी कडेला थांबली, मी मधोमध गेलो आणि धप्प! पायाखालचा अख्खा उतारच सुटला.

बर्फ थांबला की सिमेंट होतो. बोट हलेना. देवबिव कुणी आठवलं नाही – आम्ही उतरलो होतो त्या कॉटेजच्या खिडकीत लुकलुकणारी ती माळ आठवली. तेव्हा कळलं, आपण केतकीला सापडणार नाही.

पण तिने मला पंधरा मिनिटांत उकरून काढलं. तिच्या बीकनवर आकडे येत गेले म्हणे... अठरा मीटर, नऊ, दोन, एक. सापडल्यावर सिग्नल थांबवायचा असतो, म्हणून माझं यंत्र बंद करायला तिने माझं जॅकेट उघडलं, तर स्क्रीन काळी. आत सेलच नाहीत! तिच्या स्क्रीनवर मात्र अजून 'एक मीटर'.

"खाली अजून कुणीतरी आहे," ती म्हणाली.

रेस्क्यू टीम येईपर्यंत आम्ही खणत राहिलो. मग सिग्नल हळूहळू विझला. त्यांनी लांब सळया खुपसल्या, कुत्रा हुंगून गेला. कुणी नाही. कार पार्कमध्ये जास्तीची गाडी नाही, कुणी बेपत्ताही नाही. टीमवाले म्हणाले, मोबाइलचा इंटरफिअरन्स असेल. असेलही... पण इंटरफिअरन्स नेमका माझ्यापाशी कसा आणेल? कॉटेजवर परतलो तेव्हा माळ लुकलुकत होती.

यंदा संक्रांतीला केतकीला फोन केला. तू मला शोधलंस म्हणून जगलो वगैरे म्हणालो.

"तुला कोण शोधत होतं?" ती म्हणाली. "तुझं यंत्र तर मेलेलं. मी दुसऱ्याच कुणाला तरी उकरत होते. तू मध्ये आलास."