नसीमआपा आणि जांभळं पाणी

मातीची पिशवी उघडली की नसीमआपा आधी तिला सलाम करायच्या. "या बाई! सेनगावहून आल्या? जीपमध्ये लई हिंदकळल्या का?" आमच्या हिंगोलीच्या माती तपासणी प्रयोगशाळेत त्या माती तपासायच्या आणि मी शेजारच्या टेबलावर अहवाल टाइप करायचो. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. पुढे मीही पिशव्यांना नमस्कार करू लागलो.

एकदा औंढ्याकडचे एक काका काळीभोर, मऊसूत माती घेऊन आले. आपांनी चिमूटभर नाकाशी धरली आणि खो-खो हसत सुटल्या. "काका, ही तर उकिरड्याजवळची हाय! पाव्हणे पोरगी बघायला आले, अन् तुमी शेजाऱ्याची पोरगी पुढं केली व्हय?" काका बिचारे गोरेमोरे झाले. तपासणीला पाठवायची तर चांगली माती पाठवावी, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आपा आता निवृत्त होऊन परभणीला लेकीकडे असतात. पण त्यांचं नाव निघालं की मला कळमनुरीजवळचा तो बांध आठवतो आणि एकट्यालाच हसू फुटतं.

तिथला रामकिसन एक दिवस तणतणत प्रयोगशाळेत आला. वाटणीत त्याला वरचं मुरमाड रान मिळालं होतं, थोरल्या भावाला उताराखालचं काळं. दोघंही खत सारखंच टाकायचे. भावाची हळद कमरेला लागायची, याची घोट्याएवढी असतानाच पिवळी पडायची. "वहिनीनं करणी केली," तो म्हणाला. "माझ्या रानातला कस वढून नेऊन राहिली ती. बोलणंच सोडलं आमी." आई गेल्यावर वहिनीनंच त्याला वाढवलं होतं. ते मात्र त्यानं खाली बघत सांगितलं.

आपांनी दोन्ही रानांची माती तपासली. वरच्या मातीची अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची क्षमता फारच कमी निघाली, खालच्या मातीची भरपूर. रामकिसननं अहवाल उलटापालटा करून पाहिला. "बराबर हाय. पण कमी काहून? करणीमुळंच ना?"

आपा ताडकन उठल्या. "चल तुझ्या वावरात!"

आम्ही पोचेपर्यंत बांधावर निम्मं गाव जमलं होतं. भाऊ आणि वहिनी लांब उभे. आपांनी प्लास्टिकच्या दोन बाटल्यांची बुडं कापली, तोंडाला फडकं बांधून त्या उलट्या टांगल्या, एकीत वरची माती भरली, दुसरीत खालची. मग हाक मारली, "भाभी, बैलाच्या जखमेला लावायचं जांभळं औषध हाय का घरात?"

वहिनीनं आणलं. आपांनी ते पाण्यात कालवलं.

"तिच्या हातात देऊ नका!" रामकिसन ओरडला.

"तिच्याच हातानं वतू दे. करणी असंल तर आत्ता दिसंल."

वहिनीनं रामकिसनकडे बघत बघतच ते दोन्ही बाटल्यांत ओतलं. निम्मं पाणी तिच्याच बोटांवर सांडलं. मुरमाच्या बाटलीतून लगेच जांभळी धार लागली. काळ्या मातीतून मात्र काहीच येईना. सगळे वाकून बघू लागले. मग थेंब आला, नितळ, बिनरंगाचा!

आपांनी चप्पल काढून ढेकळांत चक्क फुगडीची गिरकी घेतली. "बघ! हा रंग म्हंजी खत समज. काळी माती धरून ठेवते, तुझी सांडून टाकते. पाऊस आला का तुझं खत उतारानं खाली!"

थोरला भाऊ डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी इतकी वर्षं ह्याचं खत मीच खाऊन राहिलो?"

काय हसले लोक! आपा ओरडून सांगत होत्या, "जमिनीचं पोट बघून वाढा! शेणखत टाका, तळ्यातला गाळ टाका, अन् खत थोडं थोडं द्या!" भाऊ म्हणाला, गाळ माझ्या ट्रॅक्टरनं आणू.

रामकिसन तेवढा हसत नव्हता. तो वहिनीच्या पायाशी जाऊन बसला.

वहिनीनं जांभळी बोटं त्याच्यापुढे धरली. "हा डाग जाईस्तोवर सैपाक तू करायचा, रामा. ऊठ."

त्यानं खरंच चूल पेटवली. भाकरी कच्च्या राहिल्या होत्या. आपांनी मागून मागून खाल्ल्या.