लाभाचा खडा

तुमचा चहा घशाखाली गेलाय म्हणून सांगतो, न्हाईतर ही गोष्ट काढायची मला काही हौस न्हाई. साऱ्या इंदुरी गावाला माहीत हाय, तरी माझ्याच तोंडून पाहिजे! बरं, ऐका. मधे हसायचं न्हाई.

आमचं शेत दोघा भावांचं. मी थोरला, सोपान धाकटा. भात झोडलं की आधी वीस वीस पायल्या घरात खायला काढायच्या, बाकीचं मग. माप घेणार मीच. त्या साली सोपान वडगावहून विजेचा काटा आणणार होता. मी म्हटलं, काटा दिसला तर खळ्यावर पाय ठेवणार न्हाई. आज्याच्या आज्यापासून आमच्यात खड्यांवर मोजतात. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं न्हाई, 'लाभ' म्हणायचं. मग तोंड बंद. दर पायलीला एक खडा खिशात. तोंड हुकतं, खडा हुकत न्हाई.

खडे नदीतले, गोल, तांबूस. त्याच खिशात माझी सुपारीची खांडं. दात गेल्यापासून सुपारी चावत न्हाई, गालात धरतो.

सोपानच्या वीस झाल्या, खडे काढून ठेवले. मग माझ्या. 'लाभ' म्हणालो, खडा खिशात टाकला, सुपारी काढून गालात धरली आणि मापाला लागलो. सुपारीला चव लागंना. पण हल्ली कशाला चव राहिलीय?

"झाल्या वीस," सोपान म्हणाला.

मी खिसा पालथा केला, सुपारी बाजूला सारली, खडे मोजले. एकोणीस. परत मोजले. एकोणीसच.

"एक पायली तुझ्या पोत्यात गेली," मी म्हणालो.

"दादा, मोजलंय तर तूच."

"मग खडा खोटं बोलतो का? चोर हायस तू."

एका ताटात जेवून वाढलेला भाऊ. आपल्या पोत्यातनं पायली भरली, माझ्या पोत्यात ओतली आणि पाठ फिरवून बांधावर जाऊन बसला.

तेवढ्यात सोपानची बायको शेवंता चहा घेऊन आली. प्यायच्या आधी मी गालातली सुपारी काढून बशीत ठेवली. टण्ण वाजलं.

सुपारी कधी वाजती का?

सोपाननं मान वळवून बशीत पाहिलं. मी पण पाहिलं. उठलो, पायली भरून त्याच्या पोत्यात परत ओतली. "चुकलो रं," म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.

"चहा घे, निवला," तो म्हणाला.

त्याची बायको तोंडाला पदर लावून उभी. मला शंका आली. विचारलं, "तू बघितलं व्हतंस?"

"व्हय भाऊजी. पहिलाच खडा तोंडात घातलात, मग मी चहा टाकाया गेले."

"मग बोलली का न्हाईस?"

"आदल्या साली मी पहिल्या मापाला एक म्हणाले, तर रीत कळत न्हाई म्हणून चारचौघांत बोललात. मला वाटलं, लाभाचा खडा तोंडात धरायची बी रीत असंल."

आता माप तीच घेते. 'लाभ' म्हणते आणि आधी माझ्या गालाकडं बघते. मी सोपानची माफी मागितली, ते फिटलं. माफी मागायची मात्र एकीची अजून राहिलीय. शेवंताची.