न विरघळणारी चिमूट

सगळ्या जगाचे पाण्यात विरघळणारं आणि न विरघळणारं असे दोनच भाग पाडून मोकळा झालेला माणूस आख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबांनी उभी हयात कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. चहात साखर घातली की ते ढवळत नसत. ती आपोआप जाईपर्यंत कपात टक लावून बसत आणि मग तो गारढोण चहा समाधानाने पीत. मिरकरवाड्याला मासे आणायला गेले, तर मिठाचा खडा बादलीत टाकून कोळणीला शिकवत, "पाण्याच्या कणाला दोन टोकं असतात. एक टोक मिठाच्या एका भागाला ओढतं, दुसरं दुसऱ्याला. दोघांची ताटातूट करूनच सोडतं." कोळीण म्हणे, "बांगडे घेताय की नाय, ते सांगा आधी." घरी आत्या फोडणीत हळद टाकायला गेली की हे मागे हजर. "बरोबर! हळदीचा रंग तेलातच उतरणार, पाणी तिला विचारत नाही." आत्या पळी उगारून म्हणे, "व्हा बाजूला, फोडणी करपतेय." पण मे महिन्यात ती कोकमाचा आंबट रस काढून आगळ करायला बसली की बाटल्या धुऊन, पुसून, उन्हात वाळवून देणारेही हेच असत.

आत्या गेली. आरे-वारेच्या समुद्रात अस्थी सोडल्यावर गुरुजींनी बजावलं, आता मागे वळून पाहू नका. आम्ही सगळे मुकाट निघालो. आतोबा वळले. "विरघळली का, ते बघितलं," त्यांनी नंतर मला सांगितलं. "नाही गो विरघळली. हाडाच्या राखेतले कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की पाण्याची ओढ कमी पडते. वाळूवर पांढरी बसून होती."

मडक्याच्या तळाशी उरलेली एक चिमूट त्यांनी समुद्राच्या पाण्यासकट बाटलीत भरून घरी आणली होती. ती बाटली फळीवर, आत्याच्या हातच्या शेवटच्या आगळाशेजारी. रोज दिवेलागणीला ते ती हलवत. तळातून पांढरा ढग वर येई, आत फिरे, आणि सावकाश खाली जाई. "उठली," ते म्हणत. मग, "बसली." आणि तिच्यासाठी चहा ओतत. एकदा मी समोर असताना ढग कितीतरी वेळ खाली जाईना. खिडक्या बंद होत्या, बाटली टेबलावर स्थिर होती. आतोबा तिच्याकडे वाकून म्हणाले, "अगो, तुझी भाची आलीय." ढग लगेच खाली बसू लागला. त्या दिवशी चहा न घेताच मी घरी पळाले.

बाबा चिडले होते. राख घरात ठेवली, तर आत्या सुटणार कशी? मला मात्र आतोबांचीच काळजी. ते जेवेनासे झाले होते, दिवसभर त्या फळीसमोर बसलेले असत. शेवटी मीच विचारलं, "ती कशातच विरघळत नाही का?"

"आम्लात विरघळते की," ते शांतपणे म्हणाले. "कपाटात आहे माझ्या. घटकाभरात जाईल. पण ते मी माझ्या हाताने घालू?"

पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावून घेतलं. फळीवर आता एकच बाटली होती, लाल. आगळाची बाटली रिकामी, धुऊन मोरीजवळ उपडी ठेवलेली.

"तिच्याच हातचं आंबट घातलं त्यात," ते म्हणाले. "म्हणजे मी केलं असं होत नाही. हलव बघू."

मी उजेडात धरून हलवली. काहीच वर आलं नाही.

"गेली?" मी विचारलं.

"विरघळलेलं कुठे जात नाही गो. दिसत नाही, एवढंच."

संध्याकाळी आम्ही दोघं आरे-वारेला गेलो. आतोबांनी बाटली लाटेत ओतली, रिकामी खिशात घातली आणि चालू लागले. या वेळी सांगायला गुरुजी नव्हते, तरी ते वळले नाहीत. वळले मी. लाटेवर लालसर काहीतरी क्षणभर थांबल्यासारखं दिसलं, मग नुसतं पाणी उरलं. मला रडू आवरेना.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला. दोनच कप, एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना साखर चमच्याने ढवळताना पाहिलं.