सहाचे सात

लग्नानंतरचा माझा पहिला दिवस मी वर्धा नदीच्या काठावर गहाण पडून काढला. कपाळाला बाशिंग होतं, अंगावरची हळद ओली होती आणि बायको माझ्याशिवायच सासरी निघून गेली होती. यात दोष कुणाचाच नव्हता. (माझा होता. पण ते ओघानं येईलच.)

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. निजाम गेला, पण त्याचा रुपया मागे राहिला होता. नदीच्या अलीकडे आमचं चांदा. तिथं फक्त कलदार चालायचा, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा रुपया. पलीकडे राजुऱ्याच्या बाजूला कलदारही चालायचा आणि हालीही. हाली म्हणजे निजामाचा रुपया. भाव ठरलेला होता : सहा कलदार द्या, सात हाली घ्या. माझी सासुरवाडी पलीकडची, त्यामुळे वऱ्हाड डोंग्यांतून नदी ओलांडून गेलं. मी आमच्या घरातला पहिला मॅट्रिक, म्हणून बाबांनी परतीच्या खर्चाचे तीस कलदार माझ्याकडेच दिले. नवरदेवाकडे पैसे कुणी देत नाही. बाबांनी दिले, आणि त्यानंतर जन्मभर कुणालाच दिले नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी हळद लावलेल्या अंगानं तिथल्या एका दुकानात पान घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "नवरदेव, कलदार हायेत का? सहाचे सात देतो."

सहाचे सात! मी मनात गणित केलं. तीसचे पस्तीस. बसल्या जागी पाच रुपये नफा, तोही पान खाता खाता. सात हे सहापेक्षा जास्त असतात, एवढं मला मॅट्रिकपर्यंत शिकवलेलं होतं. त्यापुढचं शिकवलेलं नव्हतं. मी तिथल्या तिथं तीस कलदार देऊन पस्तीस हाली घेतले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण शहाणपण एकट्यानं खाल्लेलं पचत नाही. मी जानवशावर येऊन काकांना सांगितलं. काकांनी कनवटीचे बारा काढून दिले. ते पाहून आत्यानं सहा दिले. मग सनईवाल्यानं दिले, डफवाल्यानं दिले, आणि एरवी कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनीही दिले. मी दुकानात तीन चकरा मारल्या. दुकानदारानं तिसऱ्या खेपेला मला पान फुकट दिलं, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. संध्याकाळी मी बोहल्यावर उभा राहिलो तेव्हा अख्ख्या वऱ्हाडात एकही कलदार उरलेला नव्हता आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. नवरीपेक्षा जास्त माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो, कारण सून दुपारच्या आत घरात आली पाहिजे असं आत्याचं म्हणणं होतं. दुपार टळली तर सून अवलक्षणी, हा तिचा निकाल आधीच तयार होता. दोन डोंगे आमच्या काठाला लागले. डोंगेवाला लख्माजी आमच्याच बाजूचा. त्यानं सव्वादोन रुपये सांगितले. मी ऐटीत तीन हाली पुढे केले.

लख्माजीनं एक रुपया उलटासुलटा करून पाहिला. त्यावर चारमिनार होता.

"हे चार खांबाचं घर तिकडच्या काठावर राह्यते जी," तो म्हणाला. "इथी नाई चालत."

"काऊन नाई चालत? सरकारी नाणं हाय. नाणं घेतलंच पायजे, असा कायदा हाय."

"मंग कायद्यालेच सांगाचं होतं डोंगा वल्हवाले."

काठावरचे चार लोक हसले. मी त्याला सहा आणि सातचा भाव समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मले भाव समजते. पण माह्या बायकोले मीठ आणाचं हाय, अन् मीठवाला चांद्याचा हाय." (कायद्यानंही तोच बरोबर होता. हाली फक्त पलीकडेच घ्यावा लागे. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि मी ते घरी सांगितलं नाही.)

"बाप्पा, पोचलो की पाठवून देतो," बाबा म्हणाले.

"मागच्या लगनाचेही अजून येऊनच राह्यले," लख्माजी म्हणाला. "काईतरी ठेवून जा."

आंदणाची पेटी ठेवायला आत्यानं साफ नकार दिला. डफ लख्माजीला नको होता. काका पुढे झाले, "मले ठेव." लख्माजीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले सोडवाले कोन येईन जी?" काका मागे सरले. सूर्य वर येत होता, आत्या सूर्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी बाबा म्हणाले, "यालेच ठेव. यानंच केलं."

कुणीही हरकत घेतली नाही. माझ्या बायकोचा, कौसल्येचा पदर माझ्या शेल्याला बांधलेला होता. गाठ सोडायची नाही म्हणून माझा शेलाच काढून घेतला आणि दुसरं टोक काकांच्या छत्रीला बांधलं. बैलगाड्या आमच्याच आळीतल्या होत्या, त्यांच्या भाड्याची घाई नव्हती. त्या निघाल्या. कौसल्येनं घुंगटातून एकदा मागे पाहिलं. त्या नजरेत माया होती की हिशेब, ते मला तेव्हा कळलं नाही. मला मात्र रडू येत होतं, हे कबूल करतो.

"बसल्या बसल्या डोंग्यातलं पाणी उपसा जी," लख्माजी म्हणाला.

मी उपसलं. ते जमलं म्हणून मग त्यानं मला उतरणाऱ्यांचे पैसे घ्यायला बसवलं. बाशिंग बांधलेला माणूस हात पुढे करतो तेव्हा लोक मुकाट्यानं पैसे देतात, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं होतं. एका माणसानं हाली दिला. मी तो परत केला.

"हे इथी नाई चालत."

"काऊन?" म्हणून त्यानं मान वर केली. ते माझे सासरे होते.

लेकीची विसरलेली पायतणं घेऊन ते मागच्या डोंग्यानं आले होते. त्यांनी माझ्या बाशिंगाकडे पाहिलं.

"जावईबापू, पोरगी कुठी हाय?"

"घरी गेली जी."

"अन् तुमी?"

"मी गहाण हाय."

सासरे भला माणूस. त्यांनी कनवटीला हात घातला आणि मला सोडवायला जे होतं ते सगळं बाहेर काढलं. सगळे हाली! लख्माजीनं मान हलवली. आता त्यांचेही दोन आणे थकले होते. ते निमूटपणे माझ्याशेजारी येऊन बसले आणि पायतणं मांडीवर घेतली. 

घरी तोवर सून वेळेत आत आली होती. तिनं काकांच्या छत्रीबरोबर माप ओलांडलं आणि आत्याचं समाधान झालं. मग मला सोडवायचा विषय निघाला. बाबांचं सगळं लग्नात संपलेलं, वऱ्हाडाकडे सगळे हाली. घरात कलदार होते ते फक्त कौसल्येच्या ओटीत, आळीतल्या बायकांनी सुनेचं तोंड पाहून घातलेले. त्या पैशाला सुनेशिवाय कुणी हात लावायचा नाही, ही आमची रीत. बाबा म्हणाले, "राहू द्या त्याले उद्यापर्यंत." कौसल्येनं ओटी सावरली. ती उठून परत गाडीत जाऊन बसली.

दिवस कलताना गाडी घाटावर आली. आत्या पुढे, कौसल्या मागे. आधी तिनं वडिलांच्या पाया पडून पायतणं घेतली. मग ओटीतून दोन आणे काढून लख्माजीच्या हातावर ठेवले, वडिलांचे. त्यात विचारायचं काही नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. मी बाशिंग सरळ केलं.

तिनं मला नीट पाहून घेतलं आणि लख्माजीला विचारलं, "याइचे काई कमी होतीन का?"

लख्माजीनं सकाळपासून माझं काम बघितलेलं होतं. त्यानं जराही घासाघीस न करता चार आणे सोडले.