वच्छलेची पाटी आणि गुरुजींचा ताप

पुढची खोली सारवून झाली होती, चुलीजवळचा भाग राहिला होता, तेवढ्यात वच्छला अवेळीच शाळेतून आली. ओल्या सारवणावर तिची पावलं उमटत गेली. मी ओरडणारच होते, पण तिचं तोंड पाहिलं आणि हातातलं शेण हातातच राहिलं.

"माय व, गुरुजी मरतीन आता," ती म्हणाली आणि कणगीमागे जाऊन बसली.

वच्छला आमची धाकटी. बोलायला उशिरा लागली, अजूनही माणसांपेक्षा गोऱ्ह्याशीच जास्त बोलते. पाहुणे आले की दिसत नाही. पण एकदा कानावर घातलेली गोष्ट ती जन्मात विसरायची नाही. यांच्या मते तिने वासरं वळायची. मी हट्ट धरला म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तावर तिला पिंपळगावच्या शाळेत पहिलीत घातलं. "हा आठवडा पाहू," हे म्हणाले होते. "रडत आली तं वासरामांगं जाईन. मंग मले बोलू नको."

त्या दिवशी तिच्या पाटीवर मी एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून दिली, हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. म्हटलं, "देवी हाये हे. थुंका लावजो नोको. कोप होते."

सोमवारी संध्याकाळी ती डोळे मोठे करून सांगत होती, "पोट्टे पाटीवर थुंकते व माय, अन् बाहीनं पुसते!" तिने स्वतः देवीला धक्का न लावता कडेच्या बोटभर जागेत ग काढला होता, मुंगीएवढा. मंगळवारी त्याच जागेत म आणि भ. मला कौतुक वाटलं. मी दिव्याला तेल जास्त घातलं.

त्या बुधवारी शाळेत काय झालं ते कणगीमागून तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. अनंत गुरुजी ओळीतून फिरत तिच्यापाशी आले. "अगं, एवढ्या जागेत अक्षर मावतं का? गुदमरेल ते," असं म्हणाले, अंगठा जिभेला लावला आणि सरस्वती पुसली. मग त्याच पाटीवर मोठा ग काढून दिला. थोड्या वेळाने खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांचे दात वाजायला लागले. हातातला खडू पडला. दोघा मास्तरांनी त्यांना धरून घरी नेलं आणि पहिली सोडून दिली.

"माह्या पाटीनंच झालं," ती म्हणाली. "मी नाई जात आता शाळेत."

मीही घाबरले. खरं लिहिते, देवीचं नाव घेऊन मी आधी पाटीलाच नमस्कार केला. मग मनात आलं, हिवताप तर गावात घरोघर आहे. पण पोरीला तसं सांगायला जीभ उचलेना.

गुरुवारी ती शाळेत गेली नाही, शुक्रवारीही नाही. भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची. हे अंगणातून म्हणाले, "काऊन बसली घरात? सोमवारी वासरं सोडजो." ती मान हलवून हो म्हणाली. तिने एवढ्या सहज हो म्हटलं, याचीच मला धास्ती बसली.

आज शनिवारी सकाळी तिला हाताला धरून गुरुजींच्या घरी नेलं. वाटभर ती पाटी छातीशी धरून होती. त्यांच्या मंडळींनी, सुहासिनीबाईंनी, आत घेतलं. गुरुजी दोन घोंगड्या घेऊन पडले होते.

"कोण, वच्छलाबाई? मास्तर जगला का बघायला आलात?"

ती दारातच थांबली. मी म्हटलं, बोल. तिने पाटी आणखी आवळून धरली. मग एकदम म्हणाली, "गुरुजी, माफी मांगा."

"अगं, मोठ्या माणसाले..." मी तिला मागे ओढलं. गुरुजींनी हात करून मला थांबवलं. "कोणाची गं?"

तिने पाटी पुढे केली आणि सगळं सांगितलं. एका दमात इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. सुहासिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. गुरुजी हसले नाहीत. कोपरावर उठून बसले, पाटी कपाळाला लावली. "चुकलो, सरस्वतीबाई. पुन्हा जिभेचं पाणी लावणार नाही."

वच्छलेने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आजून हालून राह्यले तुमी."

"हा ताप दोन दिवस सोडून येतो, पोरी. देवीचा त्याच्याशी काही संबंध नाही. सोमवारी ओलं फडकं घेऊन ये, साऱ्या वर्गाला पुसायला."

"तुमी बरे झाल्यावर," ती म्हणाली. पाटी मागून घेतली आणि पुन्हा छातीशी धरली.

घरी येताना मला एकच घोर होता. माफी मागूनही ताप उतरला नाही, तर ही पोर जन्मभर काय धरून बसेल? आणि सोमवारी हे वासरं सोडायला लावतीलच. देवीला सांगायचं ते सांगून झालं. निघताना सुहासिनीबाई म्हणाल्या होत्या, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण तोंडाला चव नाही, गुळवेलीचा काढा द्यावा म्हणते, पण आणणार कोण?

शेजारच्या उकंडरावांच्या मळ्यातल्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे. गुरुजी लवकर उठले तर ही शाळेत जाईल; विळा घेऊन ती वेल आणायला मी निघाले आहे.